शांतता आणि संचालकांचं मनोगत

स्टुडिओच्या कोपऱ्यातल्या छोट्या रेडिओतून "नमस्कार श्रोतेहो" ऐकू आलं आणि माझं डोकंच फिरलं. आवाज आमच्या संचालकांचा. ते त्या वेळी घरी जेवून झोपले होते. प्रसारण चालू होतं माझ्या शोचं आणि त्यात एका मुलीचं संगीत आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर वाजत होतं. ते मध्येच तोडून साहेबांचं रेकॉर्ड केलेलं भाषण सुरू झालं होतं.

आधी माझी ओळख करून देते. पोटापाण्यासाठी मी जाहिरातींच्या डबिंग स्टुडिओत साउंड करते. रविवारी दुपारी दोन ते तीन पुण्यातल्या एका कम्युनिटी रेडिओवर शो करते. म्हणजे करत होते. कम्युनिटी रेडिओ म्हणजे एखाद्या संस्थेने चालवलेलं छोटं एफएम स्टेशन. ट्रान्समीटर लहान, त्यामुळे पेठांमध्ये स्वच्छ ऐकू येतं आणि हिंजवडीला नुसती खरखर. माझा शो अंडरग्राउंड इलेक्ट्रॉनिक संगीताचा. लोक घरी बसून लॅपटॉपवर, छोट्या यंत्रांवर जे बनवतात, जे सिनेमातही जात नाही आणि वरातीतही वाजत नाही, ते मी लावायचे. रविवारी दोनची वेळ मला मिळाली, कारण ती दुसऱ्या कोणालाच नको होती. त्या वेळी पुणं काय करत असतं हे मी सांगायला नको.

ती मुलगी प्रणाली. यवतमाळकडची, हिंजवडीत टेस्टिंगची नोकरी. कंपनीच्या बसमध्ये रोज अडकून पडायची, तर तिने त्या बसचेच आवाज रेकॉर्ड केले. दार उघडतानाचा फुस्स, इंडिकेटरची टिकटिक, आयकार्डची बीप. त्यावर ठेका बांधून तिने जवळपास वीस मिनिटांचा पीस केला. त्यात एक जागा अशी की सगळं थांबतं. ट्रॅफिक ठप्प. बराच वेळ काही म्हणजे काही नाही. मग लांबून इंडिकेटर टिकटिकतो आणि ठेका परत येतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या, आणि अहो, मी उभा जन्म आवाजातच काढलाय.

तिचे वडील गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. लेक लॅपटॉपवर बोटं फिरवते त्याला संगीत म्हणायला ते तयार नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते शनिवार पेठेत तिच्या मावशीकडे येऊन राहिले होते. प्रणालीने माझ्याकडे एकच मागणं केलं.

"मॅम, एकदा पूर्ण वाजू दे. बाबा रेडिओजवळ बसणार आहेत. रेडिओवर आलं तर ते मानतील."

मी शब्द दिला.

आता घोळ कुठे होता ते सांगते. आमच्याकडे सायलेन्स डिटेक्टर नावाचं एक डबडं आहे. मध्यंतरी एकदा कॉम्प्युटर अडकला आणि स्टेशन अख्खी सकाळ मुकं राहिलं, म्हणून ते बसवलं. दहा सेकंद आवाज आला नाही की त्या डबड्याला वाटतं स्टुडिओ बंद पडला. मग ते स्टुडिओला तोडतं आणि आपल्याकडे भरून ठेवलेलं रेकॉर्डिंग पुन्हापुन्हा लावत राहतं. परत स्टुडिओवर यायचं असेल तर डबड्यावरचं बटण हाताने दाबावं लागतं. डबडं मशीनच्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली इंजिनियर भोसल्यांच्या खिशात. इथवर ठीक. पण त्यात भरायचं काय? एखादं सनईचं रेकॉर्डिंग भरलं असतं तर कोणाचं काय जात होतं? पण नाही. संचालकांनी स्वतःचं "मनोगत" भरलं.

हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी आधीच भोसल्यांकडे गेले. ते म्हणाले, तासभर बंद ठेवतो, पण साहेबांनी सांगायला हवं. मग साहेबांकडे गेले.

"शांतता?" साहेब म्हणाले. "अहो अनघाबाई, शांतता ऐकायला कोणी रेडिओ लावतं का?"

"संगीतात थांबायची जागा असते, सर."

"बरं बरं. सांगतो भोसल्यांना."

हा माणूस दर सोमवारची मीटिंग दोन मिनिटं मौन पाळून सुरू करतो. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. आम्हीही मिटतो. त्या मौनात फोन वाजतो तो यांचाच.

भोसल्यांना सांगितलं का यांनी? डोंबल.

तर त्या रविवारी "नमस्कार श्रोतेहो" ऐकताच मी मशीनच्या खोलीकडे धावले. कुलूप. भोसल्यांना फोन लावला, तर ते चाकणला सासुरवाडीला. मला कोणी काही बोललंच नाही मॅडम, म्हणाले, आणि खोटं बोलत नव्हते. मग साहेबांना फोन केला. झोपमोड झालेल्या आवाजात त्यांनी विचारलं, "अरे वा, माझं मनोगत लागलं का? नीट ऐकू येतंय ना?"

मी फोन ठेवून दिला. नाहीतर जे बोलले असते ते इथे छापता आलं नसतं. प्रणाली स्टुडिओतच होती. तिने हेडफोन काढला आणि त्याची वायर गुंडाळत बसली.

खरा घाव संध्याकाळी बसला. प्रणालीचा फोन आला. तिच्या गावात भजनाला कोणी बेसूर गायला लागलं, की मंडळी गुपचूप त्याचा माइक काढून दुसऱ्याला देतात. वडिलांनी तोच अर्थ लावला होता. तिला म्हणाले, "वाजवता येत नसन तर माइक काढूनच घेतात लोकं. त्यात रडाचं काय? नोकरी चांगली हाये ना तुयी."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पोरीने दोन वर्षं खपून केलेलं काम. बापाला वाटलं, इतकं वाईट होतं की स्टेशनने बंद पाडलं. आणि ज्याने बंद पाडलं तो त्या भाषणावर खूश.

सोमवारच्या मीटिंगमध्ये, मौन संपल्यावर, मी विषय काढला. वडील पुढच्या सोमवारी गावी परतणार होते. म्हणून मी म्हटलं, येत्या रविवारी तोच पीस परत लावते, तेवढं डबडं बंद ठेवा आणि झाल्या प्रकाराबद्दल दोन शब्द बोलू द्या.

"येत्या रविवारी आपला वर्धापनदिन," साहेब म्हणाले. "दोन वाजता माझं मनोगत, लाइव्ह. तुमचा शो नाही. आणि दोन शब्द कशाबद्दल? मनोगत लागलं, त्यात श्रोत्यांचं काय नुकसान झालं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांनीच पुढे सांगितलं, की लाइव्हची सुरुवात आपण मौनाने करायची. सगळं शहर दोन मिनिटं आपल्याबरोबर शांत बसेल.

मी भोसल्यांकडे पाहिलं. भोसले पंख्याकडे पाहत होते. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी आजवर विचारलेलं नाही. मला मात्र कळलं होतं.

शनिवारी मी स्टेशनवर गेले. डबड्यात वाजणारी फाइल एका फोल्डरमध्ये असते आणि ते फोल्डर स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवरूनही उघडतं. मनोगत काढलं, प्रणालीचा पीस ठेवला. मुद्दाम केलं. लपवायचं काय त्यात? मग प्रणालीला फोन करून सांगितलं, उद्या दोनला बाबांना रेडिओजवळ बसव. ती म्हणाली, पण मॅम, उद्या तर आपला शो नाही. म्हटलं, बसव सांगितलं ना.

रविवारी साहेब जाकीट घालून आले. मिक्सरवर मीच होते. भोसले संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी सभागृहात माइक लावत होते, किल्ली अर्थात त्यांच्याच खिशात. लाइव्हला फोन स्टुडिओबाहेर ठेवायचा हा साहेबांचाच नियम, तो मी त्यांना नम्रपणे पाळायला लावला. लाल दिवा लागला. साहेबांनी नमस्कार केला, मौनाचं आवाहन केलं आणि डोळे मिटले.

छोट्या रेडिओची वायर माझ्या एका कानात होती. थोड्या वेळाने त्यात ऐकू आलं, फुस्स. बसचं दार उघडलं.

साहेबांना पत्ता नव्हता. त्यांच्या हेडफोनमध्ये मिक्सरचा आवाज येतो, रेडिओवर काय लागलंय ते ऐकू येत नाही. दोन मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि हातवारे करत भरपूर बोलले. ते सगळं मी एकटीने ऐकलं. दुसऱ्या कानात इंडिकेटर टिकटिकत होता. मग सगळं थांबलं. मी सेकंद मोजायला लागले. पण डबडं स्टुडिओच्या शांततेवर पाळत ठेवतं, स्वतः लावलेल्या फाइलवर नाही. ठेका परत आला. पीस पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजला.

साहेब घाम पुसत बाहेर आले, तर फोनवर बायकोचे मिस्ड कॉल. त्यांनी उलटा फोन लावला. पलीकडचा आवाज मला इथवर ऐकू आला. अहो तुम्ही कुठे आहात, तुमच्या रेडिओवर मघापासून बस चाललीय.

शो त्याच संध्याकाळी बंद झाला. साहेब मला जे बोलले त्यात "विश्वासघात" हा शब्द बऱ्याचदा होता. मी विचारलं, भोसल्यांना सांगतो म्हणून सांगितलं नाहीत त्याला काय म्हणायचं? आता रविवारी दोनला जुने कार्यक्रम पुन्हा लावतात आणि डबड्यात मनोगत परत भरलंय. शो गेल्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. केल्याचं अजिबात नाही. धडा म्हणाल तर एवढाच, की यंत्र बंद करायला साहेबांची परवानगी लागते. यंत्रात काय भरायचं, त्यावर कोणाचंच लक्ष नसतं.

सोमवारी वडिलांना गाडीत बसवून प्रणालीने मला फोन केला. म्हणाली, बाबा मधल्या शांततेत घाबरले होते. "मधात थांबलं तवा वाटलं, आता परत भाषण लागते का काय. नाही लागलं." मग गाडी सुटताना खिडकीतून म्हणाले, "काल तर साहेबाचं भाषण बंद करून तुयं लावलं. म्हंजे आवडलं लोकाईले."

"खरं काय ते सांगू का त्यांना, मॅम?"

"खबरदार," मी म्हटलं.