सहाव्या धड्याची उत्तरं

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. कॉलेजातल्या कोणाला नाही, घरी नाही. आईला सांगून तिला कळलंही नसतं – मी 'कॉलेजात शिकवते' एवढंच तिला ठाऊक, आणि तेवढ्यावर ती सानगडीच्या बाजारात भाजीवालीशीही ताठ मानेनं बोलते. लाखांदूरला एका खोलीत मी एकटी राहते. सुट्टीच्या दिवशी कधी कधी माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. म्हणून लिहायला बसले, तर हेच आधी आलं.

पण त्याआधी एक सांगते. मला माझ्या शिक्षणाचा गर्व आहे. होता नाही – आहे. आमच्या घरात पदवीपर्यंत गेलेली मी पहिली. बाबांनी दारावर माझ्या नावाची पाटी लावली, नावापुढे दोन्ही डिग्र्या. पोस्टमन आला की पाटीकडे बोट दाखवतात. हे का सांगते? पुढे जे केलं ते अडाणीपणानं झालं असं तुम्हाला वाटू नये म्हणून.

आमचं कम्युनिटी कॉलेज लहान आहे. बारावी होऊन घरी बसलेल्या पोरी, लग्न झालेल्या बाया – त्यांच्यासाठी वर्षभराचे कामाचे कोर्स. त्यातला रुग्णसेवेचा कोर्स अर्धा वर्गात आणि अर्धा मोबाईलवर करायचं ठरलं, आणि तो बसवायचं काम माझ्याकडे आलं. नागपूरला चार दिवस प्रशिक्षण झालं. परत आले ती जमिनीच्या दोन बोटं वरूनच चालत.

वेळापत्रक मी आखलं. मोबाईलवरचे बहुतेक धडे कुठे ठेवले? रोवणीत. धानाची रोवणी लागली की बाया महिनाभर वर्गात येत नाहीत, मग तो महिना घरून शिकू द्या – कागदावर किती छान बसतं ना? बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी स्वतः रोवणी केलेली आहे, सातवीपासून. दिवसभर चिखलात वाकून राहिल्यावर बोटांची टोकं पांढरी पडतात, सुरकुततात, आणि मोबाईलच्या काचेला ती बोटं कळतच नाहीत. दाबा, पुन्हा दाबा, काही होत नाही. नागपूरच्या साहेबांना हे माहीत नसेल. मला माहीत होतं. पण बैठकीत मी हे बोलले असते तर पुन्हा बांधीतली, धानाच्या चिखलातली पोरगी दिसले असते – म्हणून गप्प बसले का? हो. म्हणूनच.

रोवणी अर्ध्यावर आली तेव्हा संगणकावर अठ्ठावीस नावं आणि त्यांच्यापुढे लालच लाल. धडे कोणी उघडलेलेच नव्हते. पाहणीसाठी समिती येणार होती. प्राचार्य म्हणाले, "म्याडम, बायांना जरा फोन करून पाहा." एवढंच म्हणाले ते. बाकी काही म्हणाले नाहीत. मी चार फोन केले. तीन लागले नाहीत. चौथ्या बाईनं सांगितलं, "बांधीत हावो म्याडम, मंग करतो."

रविवारी दुपारी मी संगणकाच्या खोलीत एकटीच गेले. सगळ्यांची खाती मीच उघडून दिली होती, पासवर्ड म्हणजे त्यांचा हजेरी क्रमांक. एकेकीच्या नावानं शिरले. धडे आवाज बंद करून चालू सोडले. धड्याखालची चाचणी एकदाच उघडते, एकदाच देता येते – ती पण मीच दिली. आणि खरं वाटावं म्हणून काही उत्तरं मुद्दाम चुकवली. कोणाची किती चुकवायची, ते मीच ठरवलं. ज्या पोरी हुशार वाटत होत्या त्यांची कमी. ज्या बाया 'अशाच' वाटत होत्या त्यांची जास्त. मोजायला मी कोण होते? त्या दुपारी हा प्रश्न मला पडलासुद्धा नाही. पंखा फिरत होता आणि लालाचं हिरवं होताना पाहून मला बरं वाटत होतं.

कुंदाताई त्या 'अशाच' बायांपैकी. चौतीस-पस्तिशीच्या, माझ्यापेक्षा मोठ्या. पोरगी नववीत. लग्नाआधी बारावी झालेल्या. ग्रामीण रुग्णालयात वॉर्डात काम मिळावं, एवढ्यासाठी एसटीनं यायच्या. गावात त्यांच्याकडे रेंज नव्हती, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर चढलं की यायची.

रोवणी संपली, वर्ग भरला, आणि त्या मोबाईल घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. सगळा वर्ग बसलेला.

"म्याडम, हे सहावं मी नाही केलं जी. पाचवरच होती मी. काल पाळीवर गेली त सहावं झालंच म्हणते."

पाच धडे त्यांनी स्वतः केले होते. रोवणी करून, पाळीवर उभं राहून. एवढ्या लालात ती पाच हिरवी घरं मला रविवारी दिसलीच नव्हती, किंवा दिसून मी पुढे सरकले होते. आठवत नाही. खरंच आठवत नाही.

सहावा धडा अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा होता. कूस किती तासांनी बदलायची? त्यांच्या नावानं मी 'आठ तासांनी' निवडलं होतं, आणि तेच आता त्यांच्या मोबाईलवर दिसत होतं.

"आठ तास कोण ठेवन जी एका कुशीवर? सासूले मी दोन-दोन तासानं पलटवत होती. तीन वर्षं. पाठीले एक जखम नाही झाली बुढीच्या. मी आठ कायले दाबीन?"

आता सांगा, काय करायला हवं होतं मी? खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "तुमचाच हात लागला असेल, कुंदाताई. चिखलाच्या बोटांनी मोबाईल धरला की असंच होते."

वर्ग हसला. मागून कोणी तरी म्हणालं, "मावशी, रोवा नका लावू मोबाईलमध्ये." पुन्हा हसले. मीही हसले.

त्यांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "असन म्याडम. माह्यंच चुकलं असन."

त्यानंतर त्यांनी पुढचे धडे पोरीकडून लावून घ्यायला सुरुवात केली. मग मागच्या बाकावर बसायला लागल्या. मी काही विचारलं तर उत्तर माहीत असूनही आधी म्हणायच्या, "चुकन माह्यं." दिवाळीनंतर यायच्या थांबल्या. हजेरीत मी त्यांच्या नावापुढे 'घरगुती अडचण' लिहिलं.

समिती खूश झाली. आमचा कोर्स चांगला चालला म्हणून आता मला दुसऱ्या कॉलेजांत तो बसवायला बोलावतात. तेच वेळापत्रक आहे. मोबाईलचा महिना अजूनही रोवणीतच आहे, कारण बदलायचं म्हटलं की कोणी तरी विचारेल – काहून?

मागच्या हिवाळ्यात लाखांदूरच्या बसस्टँडवर त्या भेटल्या. सोबत त्यांच्या गावची एक बाई होती. मला पाहून त्या उठल्या, मला बसायला जागा दिली, आणि त्या बाईला सांगू लागल्या, "ह्या आमच्या म्याडम. लय जीव लावून शिकवे. माह्याच डोस्क्यात नाही गेलं. मोबाईलचं काम आपल्याले नाही जमत बाई."

इतक्या वर्षांनी तेच वाक्य, पाठ झाल्यासारखं. तिथे आम्ही तिघीच होतो. हसणारा वर्ग नव्हता, समिती नव्हती. मी त्यांनी दिलेल्या जागेवर बसले आणि विचारलं, "पोरगी काय करते आता?"

"बारावीले हाये. पुढं काय करते कोण जाणे. म्हणते, आईसारखंच होईन माह्यं, शिकून कायले?"

त्यांची बस लागली. खिडकीतून त्यांनी हात हलवला, मीही हलवला.

त्यांचं गाव इथून एसटीनं चाळीस मिनिटांवर आहे. सकाळी एक गाडी जाते, दुपारी एक. मी गेलेले नाही.