उलटी बाजू बघणाऱ्या बाई

आमच्या बाईंसारखी बाई उभ्या सुरतेत दुसरी नाही, आणि असलीच तर तिलाही आमच्या बाईंनी उलटसुलट करून बघितलं असेल. बाई कॉलेजात शिकवायच्या. जुनी चित्रं, जुनी वस्त्रं धुंडाळायची, त्यातलं बायकांच्या हातचं काम शोधायचं आणि त्याचा इतिहास लिहायचा, हा त्यांचा जन्माचा उद्योग. कुठलीही वस्तू दिसली की आधी उलटी करायच्या आणि विचारायच्या, "हे कुणी केलं?" शेजारच्या लताबाईकडे हळदीकुंकवाला आल्या, तर वाण घ्यायचं सोडून तिचाच पदर उलटा करून टाके बघत बसल्या. लताबाई बिचारी कुंकवाचं बोट वर धरून ताटकळली. देवळातल्या रंगीत भिंतीपुढे पुजारी म्हणाला, "ही शेठने बांधली." बाई म्हणाल्या, "शेठने पैसे दिले हो, रंग कुणी कालवले?" आणि राजाराणीचं चित्र असलं की त्या राजाकडे ढुंकूनही बघत नसत. "त्याला सगळं जग ओळखतं. मला त्या पंखा ढाळणारीचं नाव सांगा." कॉलेजातले साहेब लोक त्यांना पाहून जिना बदलायचे म्हणे.

मी सुरतेच्या उधना भागात घरबसल्या साड्यांचे धागे कापते. यंत्रावरून आलेल्या साडीच्या पाठीमागे धागे लोंबतात, ते कात्रीने काढायचे. त्यामुळे साडी मी पाठीवरूनच ओळखते. बाई गल्लीतून जाताना दारात थबकल्या आणि ओरडल्या, "अहो, तुम्हीपण मागूनच बघता!" एक चप्पल आत, एक बाहेर टाकून दोन तास बसल्या. त्या बोलत होत्या, मी मान हलवत होते. परक्या माणसापुढे मला शब्द फुटत नाही. उठल्या तेव्हा ओढणीला इतके धागे चिकटले होते की त्याच एक उलटी साडी वाटत होत्या.

जाता जाता त्यांना दोरीवरची माझी गोधडी दिसली आणि पुन्हा तासभर बसणं झालं. आईच्या जुन्या लुगड्यांची, मी शिवलेली. बाईंनी तिचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले. त्या पुस्तक लिहीत होत्या, त्यात ती घालायची होती. मी एवढंच म्हणाले, "माझं नाव नका टाकू."

पुस्तक छापणाऱ्यांनी मग गोधडीच्या फोटोखाली लिहिलं, 'अज्ञात कारागीर'. बाईंनी सगळे कागद उचलून परत आणले आणि तशाच माझ्याकडे आल्या. "अज्ञात म्हणजे काय? कुणी विचारलं नाही, एवढंच! तीस वर्षं मी हा शब्द खोडत आले. आता माझ्याच पुस्तकात लिहू? मग पुस्तकच नको."

माझ्या लाजेपायी बाईंचं आयुष्यभराचं काम अडलं होतं. मी म्हटलं, "लिहा, ज्योत्स्ना."

"गोधडी कधी शिवली?"

"लग्नाआधी."

"आणि ज्योत्स्ना नाव कधीचं?"

"लग्नात ठेवलं. ताटात तांदूळ पसरून त्यात लिहिलं होतं."

"म्हणजे शिवणारी कुणी दुसरीच!"

आता लपवायला जागा नव्हती. माहेरचं नाव सांगायची मला लाज वाटायची. माझ्याआधीची दोन भावंडं गेली, म्हणून आईने माझं नाव धोंडी ठेवलं. दगडाला मरण उचलून नेत नाही, असं ती म्हणे. मी सांगून टाकलं. बाई उठून उभ्याच राहिल्या. "धोंडी! असं नाव असून तुम्ही गप्प बसलात?" त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि ते आधी पालथे करून बघितले.

पुढे त्यांची नोकरी संपली, गुडघे दुखायला लागले. त्या बहिणीकडे नागपूरला राहायला गेल्या.

परवा दुपारी पोस्टमन नागपूरहून आलेलं पुडकं घेऊन गल्लीत विचारत होता, "धोंडी कौन है?" लताबाई ओट्यावरून तिच्या अहिराणीत म्हणाली, "आठे धोंडी-बिंडी कोनी नही शे, भाऊ. परत ली जा."

मी आत कात्री धरून ऐकत होते. त्याने सायकल वळवली तेव्हा मी उंबऱ्याबाहेर आले आणि म्हणाले, "थांबा. मी धोंडी."

लताबाईने आ वासला.

पुडक्यात बाईंचं पुस्तक होतं, ते उघडलं. गोधडी पाठीकडून छापली होती, खाली माझं नाव. आई गेल्यापासून त्या नावाने मला हाक मारणाऱ्या एकट्या बाईच होत्या. पुस्तक मी तांदळाच्या डब्यावर ठेवलंय. येता-जाता उघडते, पण अजून ते नाव मला बाईंच्याच आवाजात ऐकू येतं.