बोंबलांना फुटलेली दाढी

मी प्लास्टिक विकतो. जरा बऱ्या शब्दांत सांगायचं तर ताडपत्री, नायलॉनची दोरी, ड्रम आणि पाण्याचे पाईप. डहाणूत वडिलांनी घातलेलं दुकान आहे, तेच पुढे चालवतोय. पावसाच्या आधी तलासरीकडचे शेतकरी छपरावर आणि पेंढ्यावर टाकायला ताडपत्री नेतात. पाऊस सरला की किनाऱ्यावरच्या चिखले, आगर या गावांतल्या बायका मासळी सुकवायला दोरी नेतात. अशा माणसाने पर्यावरणासाठी विक्रीतला हिस्सा बाजूला काढावा, यात हसण्यासारखं काही आहे हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. बायकोला लगेच दिसलं.

"दारूच्या दुकानात व्यसनमुक्तीची दानपेटी ठेवल्यासारखं आहे हे," ती म्हणाली.

मी नेहमीसारखा गप्प बसलो. गप्प बसणं हा माझा स्वभाव आहे असं सगळे मानतात आणि त्याचं कौतुकही करतात. त्या स्वभावाने मला काय काय लपवू दिलं, हे इथे पहिल्यांदाच लिहितोय.

कल्पना माझी नव्हती. २०१६ साली मी आमच्या गावातल्या व्यापाऱ्यांच्या एका मंडळात नवा नवा शिरलो होतो. मंडळी मोठी. दोन चिकूच्या वाड्यांचे मालक, एक भातगिरणीवाले, एक डॉक्टर आणि फर्निचरच्या शोरूमचे मालक असलेले आमचे अध्यक्ष. अध्यक्षांनी ठराव मांडला की प्रत्येकाने आपल्या विक्रीतला थोडा भाग झाडांसाठी द्यायचा आणि दुकानात तशी पाटी लावायची. सागवानी पलंग विकणारा माणूस झाडांविषयी इतक्या कळवळ्याने बोलत होता की हसावं की टाळ्या वाजवाव्यात ते कळेना. मग सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. डॉक्टर म्हणाले, "मी तर काही विकतच नाही." त्यावर कोणी कोणाकडे पाहिलं नाही.

माझ्या दुकानात पाटी लागली. 'प्रत्येक ताडपत्रीमागे दहा रुपये पर्यावरणाला.' तलासरीच्या बाजूचा एक जुना ग्राहक, डोंगरातल्या पाड्यावर भात-नागली करणारा, ती पाटी दोनदा वाचून म्हणाला, "शेठ, हा पर्यावरण ऱ्हातो कुठं?"

"कुठं म्हणजे? सगळीकडे."

"मग माझ्या छपराखाली पण आसंल. त्याचे दहा रुपये माझ्याकडंच द्या, मी पोचवतो."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो, पण दहा रुपये काही सोडले नाहीत.

पावसाळ्यात झाडं लावायचं ठरलं. कुठे, यावर मंडळाची बैठक बसली. कोणी खाडीकडची जागा सुचवली, तर तिथे चिखल फार आणि पाहुणे बूट घालून येणार. कोणी डोंगरातली सुचवली, तर तिथे गाडी जात नाही. अध्यक्षांना मागे समुद्र हवा होता. फोटोसाठी असं ते म्हणाले नाहीत, 'वातावरणनिर्मितीसाठी' म्हणाले. मी आतापर्यंत कुठल्याच बैठकीत तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं.

"चिखल्याला एक सपाट जागा आहे. किनाऱ्याला लागून. गाडी पार तिथपर्यंत जाते."

"मोकळी आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

हा एवढाच माझा गुन्हा, एका शब्दाचा.

ती जागा मोकळी होती, पण फक्त पावसाळ्यात. बाकीचे आठ महिने तिथे बांबूच्या वलांड्या उभ्या असतात. वलांड्या म्हणजे बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या ओढलेल्या असतात, त्यांवर बोंबील सुकतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकायचे आणि ऊन-वाऱ्यावर सोडून द्यायचे. पावसात होड्या बंद झाल्या की बायका वलांड्या उतरवतात, बांबू घराच्या मागे रचून ठेवतात, आणि ती जमीन कोणाचीच नसल्यासारखी दिसते. परक्या माणसाचा गोंधळ होणं साहजिक आहे. पण मी परका नव्हतो. त्या वलांड्यांची दोरी वर्षानुवर्षं माझ्याच दुकानातून जाते. कोणाच्या किती वलांड्या, कोणाला किती दोरी पुरते, हे मला तोंडपाठ होतं.

मग मी तसं का म्हणालो? अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं म्हणून. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदाच माझ्याकडे पाहत होते. "वा," ते म्हणाले, "हे कामाचं बोललात." त्या 'वा'साठी मी समोर बसलेल्या डॉक्टरांचाही किनारा देऊन टाकला असता, त्यांच्याकडे असता तर.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "चिखल्याला म्हणजे कुठे? आपल्या बोंबीलवाल्या मावशींची जागा ना ती?"

"नाही, त्याच्या पुढची."

ती पोळपाटाकडे वळली. पोळी लाटत राहिली. पण त्या दिवशीच्या पोळ्या जरा जास्तच पातळ झाल्या होत्या, तव्यावर आरपार दिसत होत्या.

झाडं लागली. सुरूची रोपं, कारण ती वाळूत जगतात आणि भराभर वाढतात. भोवती काटेरी कुंपण घातलं आणि मंडळाच्या नावाची पत्र्याची पाटी रोवली. फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे, हातात फावडं, चेहरा तृप्त. फोटो लॅमिनेट करून मी गल्ल्याच्या वर टांगला.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या निघाल्या आणि मावशी दोरी न्यायला आल्या. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या. कमरेला खोचलेली पिशवी, डोळ्यांत कायम काहीतरी मिश्कील. दोरी मोजेपर्यंत त्या मान वर करून फोटो बघत उभ्या होत्या.

"शेठ, फोटो झकास हाय. जागा वळखीची वाटते."

"चिखल्याची आहे मावशी. मोकळी होती."

"व्हय, मोकळीच व्हती," त्या म्हणाल्या. "तुमच्या दोरीची वाट बघत बसलेली."

मी खाली मान घालून दोरीची गुंडाळी करत राहिलो.

"यंदा दोरी कमीच द्या," त्या म्हणाल्या. "पुढच्या दोन रांगांत तुमची लेकरं हायत. त्यांना धक्का लागायला नको."

बस्स एवढंच. भांडल्या नाहीत. कुंपण तोडा म्हणाल्या नाहीत. त्या भांडल्या असत्या तर मीही आवाज चढवला असता आणि प्रकरण मिटलं असतं. त्यांनी पैसे दिले, जाताना "येते शेठ" म्हणाल्या आणि मला वाऱ्यावर सोडून गेल्या. मीही बोंबलासारखा सुकत राहिलो.

सुरूला भराभर वाढायची घाई होती. दुसऱ्या हंगामात झाडं माणसाच्या डोक्याएवढी उंच झाली. दुपारनंतर त्यांची सावली मागच्या वलांड्यांवर पडायला लागली आणि तिथले बोंबील मऊच राहायला लागले. शिवाय सुरूच्या सुया. वारा सुटला की त्या बारीक हिरव्या काड्या ओल्या मासळीवर येऊन चिकटायच्या, आणि एकदा मासळी सुकली की निघायच्या नाहीत.

"बाजारात गिऱ्हाईक विचारतं," मावशी दुकानात सगळ्यांसमोर सांगत होत्या, "मावशे, बोंबलाला दाढी कदी फुटली? मी सांगते, शेठनं पर्यावरण लावलंय. त्या पर्यावरणाची दाढी हाय."

लोक हसले. तलासरीचा तो ग्राहक नेमका तिथेच होता. तो म्हणाला, "म्हंजे ऱ्हायला चिखल्याला गेला व्हय? मी इकडं डोंगरात शोधतोय."

हसता हसता मावशींनी हळूच सांगितलं की यंदा माल वाणगावच्या बाजारात कमी भावाने गेला. ते कोणाला ऐकू गेलं नाही, मला गेलं. त्यानंतर मी त्यांना दोरीचे पैसे कमी लावायला लागलो. त्यांनी एकदा आकडा ऐकला, माझ्याकडे पाहिलं आणि पुरे पैसे ठेवून निघून गेल्या.

तिसऱ्या वर्षी बायकांनी आपला मार्ग काढला. कुंपणाचं एक टोक मोकळं केलं, सुरूच्या खालच्या फांद्या छाटून चुलीला नेल्या, आणि मनगटाएवढ्या झालेल्या खोडांना आडव्या दोऱ्या ओढल्या. झाडं जिवंत होती, पण आता ती वलांडीचे खांब होती. मंडळाची पत्र्याची पाटी जवळ्याच्या टोपलीवर झाकण म्हणून गेली होती.

हे मला कळलं ते अध्यक्ष आणि डॉक्टरांसोबत. थंडीत मंडळाचे वरचे पदाधिकारी येणार होते, त्यांना 'वाढलेली वनराई' दाखवायची होती, म्हणून आम्ही आदल्या दिवशी बघायला गेलो. गाडीतून उतरल्यावर अध्यक्ष आधी मंडळाची पाटी शोधायला लागले. समोर त्यांची वनराई, आणि फांद्यांच्या जागी बोंबील लटकलेले. वास तर विचारू नका. डॉक्टरांनी रुमाल नाकाला लावला आणि म्हणाले, "फळं भरपूर धरलीत."

अध्यक्षांना हसू आलं नाही. संध्याकाळी बैठक बोलावली गेली. झाडांची नासधूस केली म्हणून त्या बायकांविरुद्ध तक्रार द्यायची, फोटो जोडायचे, जागेवर पक्कं कुंपण मागायचं. अर्ज लिहायला घेतलाही. पक्कं कुंपण झालं असतं तर ती जमीन बायकांच्या हातून कायमची गेली असती. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं.

मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं. म्हणालो, ती त्यांची मासळी सुकवायची जागा आहे, पिढ्यान्‌पिढ्यांची. पावसात वलांड्या काढतात म्हणून आपल्याला मोकळी दिसली. तक्रार झाली तर गावच आपल्याविरुद्ध उभं राहील, आणि गिऱ्हाईक तर सगळं तिथलंच आहे.

शेवटचं वाक्य लागू पडलं. भातगिरणीवाल्यांनी अर्जाचा कागद घडी करून खिशात घातला.

"पण जागा तर तुम्हीच सुचवलीत," अध्यक्ष म्हणाले. "तेव्हा हे माहीत नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो. "नंतर कळलं."

त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या प्रामाणिकपणाचं कोणीतरी कौतुकही केलं. जमीन वाचली आणि मी पुन्हा खोटं बोलून सुटलो. त्यानंतर मंडळाने झाडं एका रस्त्याच्या दुभाजकात लावली. तिथे बोंबील वाळत नाहीत.

मी दुकानातली पाटी काढली आणि ताडपत्रीचा भाव दहा रुपयांनी उतरवला. कोणाच्या लक्षात आलं नाही. फक्त तो तलासरीवाला बिल बघून म्हणाला, "पर्यावरण आला वाटतं घरी."

२०१९च्या पावसाळ्यानंतर मावशी दोरी न्यायला आल्या नाहीत. गुडघा धरलाय असा निरोप आला. बायको म्हणाली, "दोरी तुम्हीच नेऊन द्या. आणि तेव्हा मला सांगितलेलं ते 'नाही, त्याच्या पुढची' पण तिथेच सोडून या, तीन वर्षं घरात पडलंय."

म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

मी दोरी घेऊन चिखल्याला गेलो. मावशी वाळूत पाय पसरून बसल्या होत्या आणि दोघी सुनांना बांबू कुठे रोवायचे ते बोटाने दाखवत होत्या. मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो आणि उभ्या उभ्याच म्हणालो, "मावशी, ही जागा तुमची आहे हे मला तेव्हाच माहीत होतं. तरी मी दाखवली."

धाकटी सून तोंड फिरवून हसली.

"शेठ," मावशी म्हणाल्या, "आमाला दोरी किती लागते ते मी इसरले तर तुमी सांगता. मग जागा कशी ठावं नसंल?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलत तर व्हते. दुकानात उभी ऱ्हाऊन बोलत व्हते. तुमीच दोरी गुंडाळत बसायचा." त्यांनी गुडघा चोळला. "बरं, आता आलाच हायत तर ते टोक धरा आन् त्या सुरूला बांदा. तुमचंच झाड हाय."

मी टोक धरलं, खोडाला दोन वेढे दिले आणि गाठ मारली. मोठ्या सुनेने पलीकडून दोरी ताणली, तशी माझी गाठ सुटून दोरी वाळूत आली.

"आयुष्यभर दोरी इकली," मावशी सुनांकडे बघत म्हणाल्या, "बांदली कदी नाय."

मग त्यांनी मला जवळ बोलावलं, दोरीचं टोक हातात घेतलं आणि माझ्या मनगटाला गाठ मारून दाखवली, घट्ट. मी सोडायला लागलो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या जरा. नीट बघा आधी."