पोचलीस की मिस्ड कॉल दे

फ्लोराताईचा फोन उचलायचा नसतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. एकदा वाजायचा आणि बंद व्हायचा. त्याचा अर्थ बाई घरी पोचल्या, किंवा नुसतीच आठवण आली. अख्खी नोकरी टेलिफोन ऑफिसात झालेली, ट्रंक कॉलच्या जमान्यात बोर्डावर बसून गावोगावची माणसं जोडून देणारी ही बाई, आणि निवृत्तीनंतर नुसते मिस्ड कॉल! "अगं, आता फुकट असतात सगळे कॉल, बोल की दोन शब्द," मी चिडायचे. "बोलायला तू येतेसच की घरी," ती म्हणायची. तर दीडेक महिन्यापूर्वी सकाळी तिचा फोन वाजला तेव्हा मी मेथी निवडत होते. हातसुद्धा पुसले नाहीत. पण तो थांबेचना. वाजतोय, वाजतोय... पलीकडे बेंजामिनभाऊ होते, तिचे यजमान. "वसुधाताई, फ्लोरा गेली. झोपेतच गेली," एवढंच म्हणाले. मेथी तशीच टाकून मी रिक्षात बसले, आणि पायांत दोन वेगळ्या चपला आहेत हे उतरताना कळलं.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. लिहायला बसते आणि उठते, पुसलेला ओटा पुन्हा पुसते, उगाच गॅलरीत जाऊन येते. माणूस गेल्याचं दुःख आहेच, ते काय कुणाला चुकलंय? पण आमचं एक भांडण अर्धवट राहिलंय, आणि जिच्याशी भांडायचं तीच निघून गेली. ह्याला काय म्हणायचं!

आमची ओळख ऑफिसातली. ती बोर्डावर, मी बिलांच्या टेबलावर. फ्लोराताई बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले मराठी ज्यू. तिची भावंडं एकेक करून इस्राएलला गेली, ती मात्र जुन्या पनवेलमधल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरून हलली नाही. "तिकडे बोंबील मिळतात का?" एवढाच तिचा प्रश्न असायचा. तिच्याकडून कुणी निघालं की ही गॅलरीत उभी. "सावकाश जा गं! पोचलीस की मिस्ड कॉल दे!" साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा तो बोर्डावरचा आवाज. रिक्षावालेसुद्धा हसायचे. मी ते स्वभावावर ढकलत आले. एकुलता एक मुलगा, रूबेन, बऱ्याच वर्षांपूर्वी तळोज्याच्या रस्त्यावर मोटरसायकलच्या अपघातात गेलेला. मग काळजी करणार नाही तर काय करणार? गाडी रूबेन चालवत होता आणि मागे बसलेला त्याचा मित्र, त्यांच्यातलाच आयझॅक, वाचला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरुण पोरं, दामटली असेल गाडी... लोक बोलतात तसं बोलले.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत सिनेमा मंडळाने एक डॅनिश चित्रपट लावला. मंडळ म्हणजे आम्ही काही निवृत्त माणसं, एक प्रोजेक्टर आणि मध्यंतराला बटाटेवडे. चित्रपटातल्या बाईची लहान मुलगी शेजाऱ्यांच्या तळ्यात बुडते. तळ्याचं फाटक शेजारच्या शाळकरी मुलाने उघडं टाकलेलं असतं, आणि ते फक्त ह्या आईने पाहिलेलं असतं. शेवटी चौकशीला आलेला अधिकारी विचारतो, फाटक कुणी उघडं ठेवलं? ती तोंड उघडते, आणि पडदा काळा! हॉलमध्ये नुसता गदारोळ. कुणी म्हणे पैसे परत द्या, जसं काही तिकीट काढलं होतं. मी तर उभीच राहिले. "खरं तेच सांगायला हवं! त्या बुडालेल्या पोरीची बाजू दुसरं कोण घेणार?" फ्लोराताईच्या पुढ्यातला वडा तसाच होता.

रिक्षा स्टँडकडे चालताना म्हणाली, "वसू, तिने नाव सांगितलं नसणार."

"तुला गं काय माहीत?"

"मी नव्हतं सांगितलं."

आणि मग तिथेच, रहदारीत, तिने सगळं सांगितलं. त्या दिवशी दोन्ही मुलं निघताना ती आणि बेंजामिनभाऊ गॅलरीत होते. गाडी आयझॅक चालवत होता, रूबेन मागे बसला होता. आयझॅककडे लायसन्स नव्हतं. संध्याकाळी पोलीस आले तेव्हा रूबेन गेलेला आणि आयझॅक बेशुद्ध. आयझॅकची आई विधवा, तिलाही हा एकटाच. "माझा तर गेलाच होता गं. तिचा कशाला घालवू? म्हटलं, माझाच मुलगा चालवत होता." बेंजामिनभाऊंनी पोलिसांसमोर बायकोचा शब्द खाली पडू दिला नाही. दार लागल्यावर मात्र म्हणाले, "पोराला मेल्यावर गुन्हेगार केलंस तू." त्यानंतर आयझॅकला त्या घराचा उंबरठा बंद झाला. शुद्धीवर आल्यावर तो खरं सांगायला निघाला होता, पण हिनेच त्याला शपथ घातली. फ्लोराताई त्याला बाहेर भेटायची, बाजारात, नाहीतर त्याच्या आईकडे. घरात त्याचं नावही निघत नसे.

मी भडकले. "आणि रूबेनचं काय? त्याला विचारलंस?"

"रोज विचारते."

"मग काय म्हणतो?"

"काही नाही म्हणत... आईला उलट बोलायची सवयच नव्हती त्याला."

तरी मी बोललेच. पुढे कित्येक महिने बोलत राहिले. नवऱ्याच्या काळजाला घरं पाडलीस, म्हटलं. ती ऐकून घ्यायची आणि पुढ्यात चहा ठेवायची.

ती गेल्यावर त्यांच्या रिवाजाप्रमाणे सात दिवस घरात सुतक पाळलं, रोज संध्याकाळी प्रार्थना. त्यांच्यात गेलेल्या माणसासाठी 'कद्दीश' ही प्रार्थना म्हणतात. म्हणायची खरं तर मुलाने. इथे मुलगाच नाही, म्हणून बेंजामिनभाऊ म्हणत होते. पण ती म्हणायला त्यांच्या धर्मातले दहा पुरुष हजर लागतात, एकही कमी चालत नाही. पनवेलमध्ये आता दहा जमवायचे म्हणजे नाकी नऊ येतात. सुरुवातीला ठाण्या-मुंबईचे नातलग होते, मग एकेक परतले. एका संध्याकाळी मोजले तर नऊच. येणारे दोघे कळंबोलीला ट्रॅफिकमध्ये अडकलेले. समोरचे पाटील पुढे झाले, "मला टोपी द्या, मी राहतो उभा!" त्या घरात इतक्या दिवसांनी हशा पिकला. बायका आम्ही खोलीभर होतो, पण आम्हाला कोण मोजतंय!

मला बसवेना म्हणून गॅलरीत गेले. खाली पानाच्या टपरीशी आयझॅक उभा होता. तळोज्याची शिफ्ट संपवून रोज यायचा, हेल्मेट हातात धरून प्रार्थना संपेपर्यंत थांबायचा आणि जायचा. मी आत आले आणि सगळ्यांच्या देखत म्हटलं, "दहावा खाली उभा आहे." बेंजामिनभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, आता हा माणूस मला घराबाहेर काढतो. ते चटईवरून उठले, भिंतीला धरत गॅलरीत गेले.

"आयझॅक... वर ये."

तो आला, दाराशीच उभा राहिला. कुणीतरी टोपी दिली. प्रार्थनेतलं मला काही कळत नाही, 'आमेन' तेवढं कळतं. त्या दिवशी बेंजामिनभाऊंचा आवाज मध्येच बसला, तेव्हा सगळे थांबले आणि तो परत लागेपर्यंत थांबून राहिले.

सगळं झाल्यावर ते आयझॅकला म्हणाले, "माफ केलं असं समजू नकोस. दहावा लागतो म्हणून बोलावलं."

"हो, अंकल." मग त्याने विचारलं, "उद्या येऊ?"

"ये."

माणसं पांगली. मला फ्लोराताईचं अजूनही पटलेलं नाही. रूबेनची बाजू घ्यायला कुणीतरी हवंच होतं, आणि ती घेणारा माणूस इतकी वर्षं त्याच घरात एकटा पडला होता. हे तिला अजून एकदा तोंडावर सांगायचं राहून गेलं. पण त्या संध्याकाळी मी चप्पल शोधत होते, खाली आयझॅकने गाडी सुरू केली, आणि बेंजामिनभाऊ एकदम गॅलरीकडे धावले. वाकून ओरडले, "सावकाश जा रे!" आवाज घोगरा, फुटलेला. गाडी हलली तसे पुन्हा ओरडले, "पोचलास की मिस्ड कॉल दे!"

मग ते आत येऊन बसले. मलाही निघवेना. टेबलावर फ्लोराताईचा फोन चार्जिंगला लावलेला होता, कुणीच बंद केला नव्हता. ते उठायचे, गॅलरीत जायचे, परत यायचे. मी दोनदा चहा विचारला, त्यांना ऐकूही गेलं नाही.

फोन एकदा वाजला आणि बंद झाला.

"पोचला," बेंजामिनभाऊ म्हणाले.