पाठशहा

आमच्या सलूनवाल्याला गल्ली ‘पाठशहा’ म्हणते. तरुणपणी त्याने एका सिनेमात हुकूमशहाचं काम केलं होतं. सबंध नव्हे, फक्त पाठीकडून. सिनेमा भविष्यकाळाचा होता. आता तो भविष्यकाळही मागे पडला. त्यातल्या उडत्या मोटारी काही आल्या नाहीत. पडद्याने हुकूम सोडावा आणि माणसांनी रांग धरावी, तेवढं मात्र वेळेवर आलं.

दिग्दर्शकाने म्हणे त्याला समजावलं होतं, "चेहरा दाखवला तर लोक शिव्या देतील. पाठ दाखवली तर अर्ज करतील."

खिडकीकडे तोंड करून खुर्चीत बसायचं आणि दोन बोटं वर करायची, एवढीच भूमिका. बोटं वर झाली की एखादं शहर बेचिराख होई. बायको म्हणते, "घरात बोटं वर केली तर साधा चहा येत नाही."

परवा त्याच्या सलूनला सील लागलं. समोरच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरमध्ये सलून बंद दाखवत होतं आणि प्रत्यक्षात ते धडधडीत चालू होतं. कॉम्प्युटर खोटा पडू नये म्हणून सलून बंद केलं.

"अहो, घर त्या कात्रीवर चालतंय. नुसते बसून काय राहता? साहेबांना भेटा!" बायको म्हणाली.

साहेब नवे होते. त्यांचंही तोंड सदा खिडकीकडे. कारकुनाने अजून त्यांच्या मानेपलीकडे काही पाहिलं नव्हतं. पाठशहाने टोकन घेतलं. भिंतीवरचा नंबरांचा पडदा म्हणत राहिला, ‘कृपया प्रतीक्षा करा.’ शेवटी कारकून जागेवरून उठलेला पाहून हा साहेबांच्या खोलीत शिरला. खोली रिकामी. मधोमध दांडी दाबली की वरखाली होणारी, गरकन फिरणारी खुर्ची. सलूनवाल्याने अशी खुर्ची बसून पाहिली नाही, असं होत नाही. तो बसला, आणि जुन्या सवयीने तोंड खिडकीकडे केलं.

इतक्यात मागून कारकून. "साहेब, तो सलूनवाला सकाळपासून ठाण मांडून होता. सील काढायचं का?"

मागे वळावं तर पोटावर पाय. पाठशहाने दोन बोटं वर केली.

"काढतो. कॉम्प्युटरमध्ये चालू दाखवू?"

बोटं.

"त्याची... माफीबिफी मागायची?"

माणसाला मोह असतो. बोटं जरा जास्तच वर गेली.

कारकून त्याला शोधायला जिन्याकडे धावला, तेवढ्यात हा बाहेर येऊन बाकावर बसला.

"अहो, होतात कुठे? साहेबांनी माफी मागायला सांगितलंय. माफ करा."

"बघतो," पाठशहा म्हणाला.

एवढ्यात एक घामाघूम गृहस्थ थेट दाराशी आले. "सरका. मी साहेब आहे."

"साहेब आत आहेत," कारकून म्हणाला. "टोकन घ्या."

तासाभराने सलून उघडलं. पहिलं गिऱ्हाईक तेच घामाघूम गृहस्थ. "माझा नंबर यायला वेळ आहे म्हणे. तोवर केस कापा."

केस कापून झाल्यावर पाठशहाने मागे छोटा आरसा धरला. गृहस्थ समोरच्या आरशात आपली मान बघतच राहिले.

"हे कोण?"

"साहेब आहेत," पाठशहा म्हणाला. "यांना पुढे करून जा. लगेच सोडतील."

गृहस्थांनी रस्ता ओलांडला आणि ते कार्यालयात उलटे चालत शिरले. कारकून ताडकन उभा राहिला.