मिठाचा उपाय

परबबाई गेल्याचं मला शाळेच्या ग्रुपवर कळलं. फोटो, हलती पणती, मागे बासरी... आणि खाली ‘परळबाईंना भावपूर्ण श्रद्धांजली’! लालबागच्या आमच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेल्या बाईंचं नावसुद्धा कुणी धड वाचून पाठवलं नव्हतं.

मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे. शोकसभेत मुख्याध्यापकांनी गळा काढून सांगितलं, बाई जुन्या वळणाच्या, त्यांना तंत्रज्ञान मानवलं नाही. धादांत खोटं. प्रोजेक्टर आला तेव्हा इतर मंडळी त्याला हार घालत होती, तो चालू बाईंनी केला. चुन्याची निवळी दुधाळ होताना मागच्या बाकांना दिसत नाही म्हणून परीक्षानळीसमोर फोन धरून त्या ती पडद्यावर दाखवायच्या.

मग विश्वस्तांनी स्मार्ट बोर्ड आणले, तयार धड्यांसकट. भाषांतर यंत्राचं. सोल्युशन म्हणजे द्रावण, हे त्या दीडशहाण्यांना कोण सांगणार? बोर्डातला गुळगुळीत आवाज म्हणायचा, “चला, मिठाचा उपाय तयार करूया!” मी हसून बेजार.

“हसू नको गो,” बाई म्हणाल्या. “नववीची पोरं पेपरात हेच लिहायला लागलीत. पुढच्या वर्षी दहावीला कोण मार्क देणार त्यांना?”

त्या तक्रार घेऊन गेल्या. मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, जरा अपडेट व्हा. आवाज किती क्लिअर आहे बघा!”

“आवाज क्लिअर आहे, सर. डोकं नाही.”

झालं. नववी त्यांच्याकडून काढून घेतली. बाई स्टाफरूममध्ये नुसत्या बसून राहायच्या, आणि सारखं एकच, “पोरांचं कसं होणार गो?” दिवाळीच्या सुट्टीत हार्ट अटॅकने गेल्या. मला त्या माणसांचा अजून संताप येतो.

शोकसभेला मुलांना बोलावलंच नव्हतं. म्हणे पोर्शन मागे पडतो. चहा-सामोसे सुरू झाले तशी मी उठले आणि नववीच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत बोर्डावर धडा लावून नव्या मॅडम मोबाइलमध्ये गुंग होत्या.

“हा झाला संपृक्त उपाय,” बोर्ड म्हणाला.

“द्रावण!” अख्खा वर्ग ओरडला.

मॅडम दचकल्या. “ए, काय चाललंय?”

एक मुलगी उभी राहिली. “मॅडम, परबबाईंनी सांगितलंय, तो चुकला की आपण सुधारायचं.”

माझे डोळे भरून आले. मॅडमनी बोर्डाचा आवाज वाढवला. पोरांनीही वाढवला.