शामकांतरावांच्या चार ओळी

शामकांतराव टाकळीकर म्हणजे नगरच्या एका साप्ताहिकाचे बातमीदार. बातमी मिळाली नाही की मनानंच रचायचे, आणि तीच जास्त चवीनं वाचली जायची!

एकेचाळीस साली अंक यंत्रावर चढताना जुळारी गहिनीनाथ ओरडला, "शामराव, कॉलम चार वळींनी उना हाय, काय बी द्या!" सकाळीच घरी सुप्याच्या भागूबाईकडून तूप घेतलेलं; तेच नाव तोंडाशी आलं. रावांनी उभ्या उभ्या खरडलं : सुप्याच्या भागूबाई नुसता हात फिरवून विंचू उतरवतात, मोबदला घेत नाहीत.

राव विसरले. सुपं गाव कसं विसरेल? बाईच्या दारी बैलगाड्या लागल्या. तिला त्यातलं ओ की ठो ठाऊक नव्हतं. पण पेपरात छापून आलंय म्हटल्यावर तिलाही वाटलं, असंल आपल्या हाताला गुण. मोठी माणसं रात्रभर कळवळून आपोआप बरी होत. नाव बाईचं होई. तूप घालायला आली की ती रावांच्या पाया पडे. राव मिशीत हसत.

मग कुणीतरी दवाखान्याची वाट सोडून एक चिमुरडी तिच्याकडे आणली. पोर तिच्या मांडीवरच गेली.

पुढल्या खेपेला भागूबाई रिकाम्या हातानं आली. "दादा, मीच पापीन. एकाकडून नारळ घेतला हुता. म्हनून हाताचा गुन गेला."

खरं काय ते रावांच्या जिभेवर आलं आणि तिथंच चिकटलं. त्यांनी तिला चहा पाजला. चहा!

महिन्याभरात बातमीदारी सुटली. संपादकाशी वाजलं, असं लोकांनी ठरवून टाकलं. राव कादंबऱ्या लिहू लागले; तिथल्या थापेनं निदान कुणी मरत नाही. दोन बऱ्या खपल्या. तिसरीत त्यांनी नावं बदलून हीच हकिकत उतरवली. पुण्याचे टीकाकार म्हणाले, "काय ही कल्पनाशक्ती!" 

शेवटी रावांनी पुस्तक बगलेत मारून सुपं गाठलं. भागूबाईच्या ओट्यावर बसून वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्यांना लावला.

"त्या बाईला खरं सांगितलं का त्या पेपरवाल्यानं?"

"नाही."

"मंग बुक लिवून सुटला व्हय मुडदा?"

"भागूबाई, ती बाई तुम्ही. आणि तो मुडदा मी."

 "इतकी वर्सं त्या पोरीचं तोंड दिसतंय मला," ती म्हणाली. राव रडायला लागले. "आता रडून काय हुतंय? बसा हितं दारात. आजून गाड्या येत्यात; ईल त्येला तुमच्या तोंडानं सांगा."

तेव्हापासून दर रविवारी राव तिच्या उंबऱ्याशी. विधवेच्या दारात यांचं काय काम, यावर नगरात ओसरी-ओसरीवर खल झाला.  गाडी आली की राव हात जोडायचे, "बाईंना काही येत नाही हो, मी थाप मारली होती. दवाखान्यात न्या." लोक आईबापावरून शिव्या देत गाडी वळवायचे.

एकदा एक म्हातारा हलेचना. राव पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिले. आतून भागूबाई म्हणाली,

"मोठ्यानं सांगा, दादा. त्येला कमी ऐकू येतं."